चेंजअप: फास्टबॉलच्या हाताने टाकलेला संथ चेंडू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकमध्ये बेसबॉलकडे वळणारी मुलं बहुतेक क्रिकेटमधून येतात. कॉलनीतल्या टेनिस बॉलच्या सामन्यांत वाढलेली, बाउंड्रीवरून थेट स्टंपवर फेकणारी. खांद्यात जोर असतोच, त्यामुळे पिचिंग, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणं, शिकायला लागल्यावर थोड्याच दिवसांत चेंडू बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हवर खाडकन आदळू लागतो. मग सामने सुरू होतात. समोरचे बॅटर दुसऱ्या फेरीत त्या वेगाला सरावतात आणि मार बसायला लागतो. चेंजअपची, म्हणजे फास्टबॉलसारख्या दिसणाऱ्या संथ चेंडूची, चौकशी साधारण तिथून सुरू होते. मुलं, पालक आणि शाळांतले क्रीडाशिक्षक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतलं आहे.

चेंजअप म्हणजे नेमकं काय?

फास्टबॉलसारखा दिसणारा, पण त्याहून कमी वेगाने येणारा चेंडू. पिचरचा पाय तसाच उचलला जातो, हात तितक्याच जोरात फिरतो, चेंडू त्याच उंचीवरून सुटतो. बॅटर फास्टबॉल समजून बॅट फिरवतो आणि चेंडू अजून वाटेतच असतो. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये (तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) या दोन चेंडूंत ताशी साधारण १३ ते १९ किलोमीटरचा फरक असतो. शालेय वयात किलोमीटर मोजत बसू नका. फास्टबॉलच्या वेगातला दहावा हिस्सा कमी झाला तरी पुरतो.

एवढ्याशा फरकाने चांगला बॅटर चुकतो कसा?

इथे थोडं गणित करायलाच हवं, कारण चेंजअपवर विश्वास बसतो तो या गणितामुळे.

पिचर ज्या रबरच्या पट्टीवर पाय ठेवतो तिथून होम प्लेट (बॅटरसमोरची जमिनीतली पाटी) ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटरवर असते. पिचर पुढे मोठं पाऊल टाकून चेंडू सोडतो, म्हणून चेंडूला प्रत्यक्षात १६.५ ते १७ मीटरच कापायचे असतात. ताशी १५३ किलोमीटरने सुटलेला फास्टबॉल हे अंतर सुमारे ०.४१ सेकंदात पार करतो. ताशी १३७ किलोमीटरच्या चेंजअपला सुमारे ०.४६ सेकंद लागतात. फरक फक्त ०.०५ सेकंदाचा.

आता बॅटरच्या बाजूने बघा. बॅट फिरवून चेंडूपर्यंत आणायला त्याला साधारण ०.१५ सेकंद लागतो. म्हणजे चेंडू हातातून सुटल्यावर पाव सेकंदाच्या आसपास त्याला निर्णय घ्यावा लागतो. त्याने फास्टबॉल धरून बॅट फिरवली असेल, तर बॅट प्लेटवर पोहोचते तेव्हा चेंजअप अजून पावणेदोन मीटर दूर असतो. चेंडू मैदानात सरळ जायचा तर बॅटची वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकी अचूक लागते. तिथे ०.०५ सेकंद म्हणजे फार मोठी चूक झाली.

दुसरी गोष्ट उंचीची. जास्त वेळ हवेत राहिलेला चेंडू गुरुत्वाकर्षणाने जास्त खाली येतो. वरच्या दोन वेळांत केवळ त्यामुळे सुमारे २० सेंटिमीटरचा फरक पडतो. शिवाय फास्टबॉलला मिळणारी उलटी फिरकी त्याला थोडा वर धरून ठेवते आणि चेंजअपला ती सहसा कमी मिळते, त्यामुळे तो आणखी खाली बुडतो. बॅटर वेळेतही चुकतो आणि उंचीतही.

डावखुरा पिचर वॉरन स्पान याने मेजर लीगमध्ये ३६३ सामने जिंकले. बॅटिंग म्हणजे वेळ साधणं आणि पिचिंग म्हणजे ती वेळ मोडणं, हे त्याचं म्हणणं बेसबॉलमध्ये आजही सांगितलं जातं.

म्हणजे हा क्रिकेटमधला स्लोअर वनच ना?

हेतू तोच, त्यामुळे आपल्या मुलांना कल्पना लगेच समजते. नाशिकपासून फार लांब नसलेल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात बोटांच्या पेरांनी धरलेला संथ चेंडू प्रभावीपणे वापरला आणि त्या स्पर्धेत २१ बळी घेतले. डिसेंबर २०१८ मध्ये मेलबर्नला जसप्रीत बुमराहने लंचच्या आधीच्या शेवटच्या चेंडूवर शॉन मार्शला संथ यॉर्करवर पायचीत केलं. तो चेंडू मुलांना दाखवावा असाच आहे. हाताचा वेग नेहमीचा, बॅट केव्हाच पुढे आलेली, आणि चेंडू खाली पडत पडत बुटावर.

फरक मात्र लक्षात ठेवायला हवेत. क्रिकेटमध्ये संथ चेंडूला टप्प्याची मदत मिळते. खेळपट्टीवर पडून तो थांबून येतो, वळतो. बेसबॉलमध्ये टप्पा नाही, जे घडायचं ते हवेतच. शिवाय टेनिस बॉल क्रिकेटमधली आपली बरीच मुलं मनगट उलटं करून हाताच्या मागच्या बाजूने संथ चेंडू सोडतात. ती सवय इथे आणू नये. मनगट वळलेलं बॅटरला दिसतं, आणि पूर्ण जोराने फेकताना तसं वळवणं कोपरालाही चांगलं नाही.

चेंडू धरायचा कसा?

फास्टबॉल बोटांच्या टोकांवर असतो. सुटताना तर्जनी आणि मधलं बोट त्याला शेवटचा धक्का देतात, वेग तिथून येतो. चेंजअपमध्ये हा धक्का काढून घ्यायचा. त्यासाठी चेंडू बोटांच्या टोकांपासून मागे, तळव्याच्या जवळ धरायचा. हात तेवढ्याच जोरात आला तरी चेंडूपर्यंत सगळा जोर पोहोचत नाही.

सुरुवातीला तीन बोटांची पकड सर्वांत सोपी. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका वर, अंगठा आणि करंगळी खाली दोन बाजूंना. चेंडू तळव्याला टेकेल इतका आत, पण मुठीत आवळलेला नको.

दुसरी म्हणजे सर्कल चेंजअप. अंगठा आणि तर्जनीची टोकं चेंडूच्या बाजूला एकमेकांना टेकवून गोल करायचा, आणि चेंडू मधलं बोट आणि अनामिका यांनी सोडायचा. जोरकस तर्जनी बाजूला गेल्यामुळे वेग कमी होतो. सोडताना हाताचा पंजा नैसर्गिकपणे थोडा बाहेरच्या बाजूला वळतो, त्यामुळे उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू डावखुऱ्या बॅटरपासून लांब पळत खाली जातो. म्हणूनच विरुद्ध हाताच्या बॅटरला चेंजअप जास्त जाचतो.

पकड किती सैल हवी, असं विचारतात. कॅचरने येऊन हातातला चेंडू ओढला तर सहज निघेल इतकी.

माझ्या मुलाची बोटं लहान आहेत. सर्कल जमत नाही.

तीन बोटांचीच पकड ठेवा. बेसबॉलचा घेर ९ ते ९.२५ इंच असतो, दहा-अकरा वर्षांच्या हाताला तो मोठाच वाटतो. या वयात सर्कलचा हट्ट धरला की चेंडू निसटून बॅटरच्या डोक्याकडे जातो.

हात थोडा हळू फिरवला तर वेग आपोआप कमी होईल की. पकड कशाला बदलायची?

मला सर्वांत जास्त वेळा सांगावी लागणारी गोष्ट हीच आहे. हात हळू फिरवला की तो चेंजअप राहत नाही, नुसता हळू टाकलेला चेंडू होतो. बॅटर चेंडूआधी हात बघतो. शाळेतला चौदा वर्षांचा बॅटरसुद्धा हाताची गती ओळखतो, कारण लहानपणापासून बॉलरचा हात बघतच तो क्रिकेट खेळलेला असतो. हात मंदावला की तो थांबतो, वजन मागे ठेवतो आणि मग मनाजोगा मारतो.

म्हणून शिकवताना ‘हळू टाक’ हे शब्द वापरूच नयेत. ‘फास्टबॉल टाक, फक्त पकड वेगळी’ असं सांगावं. मुलाचं मन फास्टबॉलमध्ये असलं पाहिजे. वेग कमी करण्याचं काम पकडीचं आहे, पिचरचं नाही. सुरुवातीला चेंडू जमिनीवर आदळतील, काही कॅचरच्या डोक्यावरून जातील. जाऊ द्यावेत. अचूकतेच्या भीतीने हात मंदावलेलं मूल चेंजअप शिकत नाही, आणि पालकांनी बाहेरून ‘अरे, नीट टाक’ म्हणून ओरडलं की हात हमखास मंदावतो.

मोबाइल इथे फार उपयोगी आहे. बॅटरच्या जागेच्या मागून, जाळीच्या आड सुरक्षित उभं राहून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. एक फास्टबॉल, एक चेंजअप. मग चेंडू सुटण्याच्या क्षणापर्यंतच दोन्ही बघा. फरक सांगता आला नाही, तर शिक्षण योग्य दिशेने चाललं आहे.

कोणत्या वयापासून शिकवावा? कोपराला त्रास होतो का?

फास्टबॉल साधारण हवा तिथे पडायला लागल्यावर. वय म्हणाल तर दहा-बारा वर्षांचं मूल शिकू शकतं. अमेरिकेतही मुलांना फास्टबॉलनंतरचा दुसरा चेंडू म्हणून वळणाऱ्या कर्व्हबॉलच्या आधी चेंजअपच सुचवला जातो, कारण तो फास्टबॉलच्याच हालचालीने टाकायचा असतो आणि मनगट मुद्दाम पिळावं लागत नाही.

कोपर आणि खांदा दुखण्याचं मोठं कारण चेंडूचा प्रकार नसतो, चेंडूंची संख्या असते. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेची दिवसाची मर्यादा ९ ते १० वर्षांसाठी ७५ चेंडू, ११ ते १२ साठी ८५ आणि १३ ते १६ साठी ९५ अशी आहे. आपल्याकडे तेच मूल सकाळी पिचिंग करतं आणि संध्याकाळी क्रिकेट अकादमीत बॉलिंग टाकतं. दोन्ही ठिकाणचे प्रशिक्षक आपापला हिशेब ठेवतात, बेरीज कुणीच करत नाही. ती बेरीज पालकांनी करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं मूल म्हणालं की त्या दिवशी फेकणं बंद, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टर.

सामन्यात कधी टाकायचा?

बॅटर फास्टबॉलची वाट बघत असेल तेव्हा. पिचरचा ठरलेल्या हद्दीबाहेर गेलेला, बॅटरने सोडलेला चेंडू म्हणजे बॉल, आणि हद्दीत आलेला किंवा बॅटरने हुकवलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. दोन बॉल आणि शून्य स्ट्राइक, किंवा तीन बॉल आणि एक स्ट्राइक अशी स्थिती असते तेव्हा पिचरला स्ट्राइक टाकणं भाग असतं, म्हणून प्रत्येक बॅटर फास्टबॉल धरून उभा असतो. त्या वेळी गुडघ्याच्या उंचीवर आलेला चेंजअप सर्वांत जास्त बळी मिळवतो. पण त्यासाठी तो स्ट्राइक टाकण्याचा भरवसा हवा.

दुसरी जागा म्हणजे बॅटरने फास्टबॉल जोरात ओढून फाउल, म्हणजे मैदानाच्या रेषेबाहेर, मारल्यानंतर. चेंडू लवकर ओढला गेला, म्हणजे बॅटर आधीच घाईत आहे. पुढचा चेंडू आणखी हळू आला की तो पुरता पुढे झुकतो. आधी आत, हातांच्या जवळ फास्टबॉल आणि मग बाहेर, खाली चेंजअप हा क्रम जुना आहे आणि अजून चालतो.

कधी टाकायचा नाही?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि आपल्या शालेय सामन्यांत खरं नुकसान इथेच होतं.

आपल्या शालेय संघांतल्या खालच्या क्रमांकाच्या अनेक बॅटरना चांगला फास्टबॉल खेळताच येत नाही. बेसबॉलची बॅट गोल आणि अरुंद, चेंडू टप्पा न पडता छातीपर्यंत येणारा. ते कायम उशिरा पोहोचतात. अशा बॅटरला दोन फास्टबॉलवर चुकवल्यावर पिचरला नवीन शिकलेला चेंजअप दाखवायचा मोह होतो. तो टाकतो, आणि उशिरा येणारी बॅट नेमकी वेळेवर येते. ज्याला वेग झेपत नाही त्याला वेगच द्यावा.

दुसरं, उंच चेंजअप. कमरेच्या वर राहिलेला संथ चेंडू म्हणजे होम रनचं (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्याचं) आमंत्रण. चुकायचंच असेल तर खाली चुकावं, जमिनीवर पडला तरी चालेल.

तिसरं, लागोपाठ चेंजअप. अव्वल पिचर दोन-तीन सलग टाकतात आणि यशस्वीही होतात, पण शालेय पातळीवर दुसरा चेंजअप हाच बॅटरचा नेहमीचा वेग होऊन बसतो. फास्टबॉलची भीती मनात ताजी असली तरच चेंजअप चालतो.

बेसवर रनर असताना टाकावा का?

टाकावा, पण किंमत माहीत असावी. चेंडू प्लेटवर उशिरा पोहोचतो आणि अनेकदा खाली पडतो, म्हणजे चोरून दुसरा बेस गाठणाऱ्या रनरला जास्त वेळ मिळतो आणि कॅचरचं काम अवघड होतं. पहिल्या बेसवर वेगवान रनर आणि हातात नवखा कॅचर असेल तर मी फास्टबॉलच सुचवेन.

ही फसवणूक नियमात बसते का?

पूर्ण बसते. कोणता चेंडू किती वेगाने टाकायचा याचं बंधन नाही. बंधन आहे ते हालचालीवर. रनर बेसवर असताना पिचिंगची हालचाल सुरू करून मध्येच थांबलात किंवा टाकण्याचं नुसतं नाटक केलंत तर बॉक (पिचरचा नियमभंग) दिला जातो आणि रनर एक बेस पुढे जातात. चेंडूला थुंकी किंवा कोणताही पदार्थ लावणंही चालत नाही. मूल खोटेपणा शिकेल का, अशी काळजी एका आजींनी बोलून दाखवली होती. कबड्डीत चढाई करणारा हूल देतो तेव्हा आपण त्याचं कौतुकच करतो. खेळाच्या नियमांत राहून समोरच्याचा अंदाज चुकवणं ही कला आहे, ती मनापासून शिकवावी.

कर्व्हबॉल, नकलबॉल हेही संथच असतात. मग वेगळं काय?

कर्व्हबॉलला पुढच्या बाजूची फिरकी देतात, त्याच्या वळणाने बॅटर चकतो. नकलबॉल जवळपास न फिरता येतो आणि हवेत डगमगतो. चेंजअपचं बळ फास्टबॉलशी असलेल्या साम्यात आहे. याच्या अगदी उलट टोकाला इफस नावाचा चेंडू. १९४० च्या दशकात पिट्सबर्गच्या रिप सूवेलने तो उंच कमानीत, झेल द्यावा तसा टाकून प्रसिद्ध केला. तो संथ आहे हे सगळ्यांनाच दिसतं. १९४६ च्या ऑल-स्टार सामन्यात टेड विल्यम्सने त्यावर होम रन मारला.

कोणाचे चेंजअप बघावेत?

सर्वांत आधी ट्रेव्हर हॉफमन. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) म्हणून सुरुवात केलेला हा खेळाडू पुढे पिचर झाला. १९९४ च्या सुमारास खांदा दुखावल्यावर त्याचा वेग गेला, आणि त्याच काळात त्याने चेंजअपवर मेहनत घेतली. ६०१ सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी राखणं) करून तो २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. फलंदाजांना माहीत असायचं की चेंजअप येणार, तरी त्यांची बॅट आधी फिरायची.

मग पेड्रो मार्टिनेझ. उंची बेताची, बोटं लांब, सर्कल चेंजअप अफाट. सोबत जबरदस्त फास्टबॉल होता म्हणून त्याचा चेंजअप आणखी धारदार वाटायचा. व्हेनेझुएलाचा डावखुरा योहान सांताना २००२ मध्ये खालच्या लीगमध्ये परत पाठवला गेला, तिथे त्याने चेंजअप घोटला आणि २००४ व २००६ मध्ये साय यंग पुरस्कार (लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवला. आजच्या पिढीत डावखुरा तारिक स्कूबल बघा, २०२४ चा अमेरिकन लीगमधला साय यंग विजेता. डेव्हिन विल्यम्सचा चेंडू मात्र वेगळाच आहे. त्याला इतकी फिरकी मिळते की तो उलट्या दिशेने वळणाऱ्या कर्व्हबॉलसारखा जातो. २०२० मध्ये त्याने २७ डावांत ५३ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. बघून आनंद घ्या, लहान मुलांनी नक्कल करू नये.

भारतीय म्हणाल तर उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले. फेकणारा हात कोणत्याही खेळातून येऊ शकतो, हे त्यांच्यामुळे आपल्याकडे अनेकांना पटलं.

नाशिकच्या हवेत काही वेगळं करावं लागतं का?

उंचीमुळे नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, हवा किंचित विरळ, पण चेंजअपला ते जाणवत नाही.

थंडी मात्र जाणवते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला निफाडकडून गारठा येतो तेव्हा हात कोरडे पडतात आणि चामडं काचेसारखं गुळगुळीत लागतं. तळव्यात खोल धरलेला चेंडू अशा वेळी आधी निसटतो. बोटं गुळगुळीत चामड्यावर नाही, शिवणीवर नीट बसवा, हात चोळून गरम करा, रोझिनची (हाताची पकड घट्ट करणाऱ्या राळेच्या पुडीची) पिशवी जवळ ठेवा, आणि पहिले वीस चेंडू फक्त फास्टबॉल. पावसाळ्यात प्रश्न पायाचा येतो. काळ्या मातीत पुढचा पाय घसरेल या भीतीने मूल पाऊल आखडतं, चेंडू वर राहतो. मैदान ओलं असेल तर सरावातून चेंजअप सरळ वगळा.

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना याचा उपयोग आहे का?

खूपच. मुलींच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये अंतर ४३ फूटच असतं, त्यामुळे बॅटरला आणखी लवकर बॅट सोडावी लागते. हात खालून गोल फिरतो, पकड वेगळी असते, पण हाताचा वेग कायम ठेवण्याचा नियम जसाच्या तसा.

रोजच्या सरावात कसा बसवायचा?

वेगळा वेळ काढू नका. वॉर्म-अपमध्ये जोडीदाराशी लांबून फेकताना दर तिसरा चेंडू चेंजअपच्या पकडीने फेका. लांबून फेकताना हात मंदावला तर चेंडू पोहोचतच नाही, त्यामुळे चूक आपोआप कळते. नंतर माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) दोन फास्टबॉल, एक चेंजअप. चेंडूंचे डझन विकत घ्यायची गरज नाही. मेरठ-जालंधरचे साधे चेंडू चालतात, फक्त शिवण दबलेली नसावी.

ग्लोव्हमध्ये पकड बदलताना ग्लोव्ह फुगलेला दिसतो आणि तिसऱ्या बेसवरचा कोच ते टिपतो. उपाय सोपा आहे. दर वेळी आधी चेंजअपची पकड घ्या आणि फास्टबॉल टाकायचा असेल तर तिथून बदला. खोल पकडीतून बाहेर येताना हालचाल कमी होते.

बॅटर म्हणून चेंजअप ओळखायचा कसा?

डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतून, सुरुवात करा. आपला क्रमांक येईपर्यंत पिचरचा हात, ग्लोव्ह आणि कॅचरची बोटं बघा. चार बोटं खाली हलवली तर बहुतेक ठिकाणी ती चेंजअपची खूण असते, मात्र रनर दुसऱ्या बेसवर असला की खुणा बदलतात. प्लेटवर गेल्यावर तयारी फास्टबॉलचीच ठेवा. चेंजअपची वाट बघत उभा राहिलेला बॅटर फास्टबॉलला कधीच पोहोचत नाही. पुढचं पाऊल पडलं तरी हात आणि बॅट मागेच राहू द्या, आणि चेंडू ओढण्याऐवजी विरुद्ध बाजूच्या मैदानात मारायचं ठरवा. वेळ थोडी चुकली तरी चेंडू बॅटवर येतो. गुडघ्याखाली जाणारा चेंजअप मात्र सोडून द्या. तो न मारणाऱ्या बॅटरसमोर पिचरला वर यावंच लागतं.